सोलापूरचे ललित आणि ‘आपला माणूस’

‘सरकार आपले, मग न्यायाधीश आपल्या विचारांचे का नसतात? आणि असले तरी विरोधात निकाल कसे देतात?’ ही उजव्या विचारांच्या मतदारांची तक्रार तपासून पाहायला माजी सरन्यायाधीश उदय उमेश ललित यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ललित घराण्याच्या वकिलीचे मूळ सोलापूरचे. त्यांचे आजोबा रंगनाथ ललित इथेच वकिली करत.

उदय ललित सोहराबुद्दीन शेख बनावट चकमक प्रकरणात अमित शहा यांचे वकील होते. जून २०१४ मध्ये न्यायवृंदाने, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, सुचवलेले ज्येष्ठ वकील गोपाळ सुब्रमण्यम यांचे नाव मोदी सरकारने अडवले, सुब्रमण्यम यांनी माघार घेतली आणि ऑगस्टमध्ये ललित थेट वकिलीतून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. २०१७ मध्ये तिहेरी तलाक रद्द करणाऱ्या तिघांत ते होते. तोवर समर्थकांना बोलायला जागा नव्हती. मग २ सप्टेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश ललित यांच्या खंडपीठाने मोदींच्या टीकाकार कार्यकर्त्या तिस्ता सेटलवाड यांना अंतरिम जामीन दिला. ७ नोव्हेंबरला, कामकाजाच्या अखेरच्या दिवशी, त्यांनी आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाविरुद्ध मत नोंदवले. आरक्षण तीन विरुद्ध दोन असे टिकले. पण अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीय गरिबांना त्यातून वगळणे घटनेत बसत नाही, या न्या. रवींद्र भट यांच्या मताशी ललित सहमत होते. हे आरक्षण देणारी सरकारची लाडकी घटनादुरुस्ती ‘आपल्या’ सरन्यायाधीशाने नाकारली.

याला विश्वासघात म्हणणे साफ चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून भारतात न्यायाधीशांची नावे न्यायवृंद सुचवतो. सरकार नाव फेरविचारासाठी परत पाठवू शकते, पण तेच नाव पुन्हा आले तर नेमणूक करणे त्याच्यावर बंधनकारक असते. पंतप्रधानांनी न निवडलेल्या माणसाने कोणता शब्द मोडला? जिथे नेता स्वतः नाव देतो, त्या अमेरिकेतही थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमलेले डेव्हिड सूटर पुढे उदारमतवाद्यांच्या बाजूला गेले. त्या अनुभवाने पोळलेल्या परंपरावाद्यांनी २००५ मध्ये धाकट्या बुश यांना हॅरिएट मायर्स यांचे नाव मागे घ्यायला लावले.

आज्ञाधारक न्यायाधीश हवा असणाऱ्यांनी ललित घराण्याचीच आधीची पिढी पाहावी. वडील उमेश ललित मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी राजद्रोहाच्या आरोपातील तरुणांना जामीन दिला आणि स्वतः ललित यांना न्यायाधीशपदी कायम करण्यात आले नाही. इंदिरा गांधींच्या त्याच राजवटीने १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोवर या तिघांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केले होते. आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या परंपरेच्या वारसांनी तोच न्याय आज मागावा, हे पटणारे नाही.

मतदाराची एक तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. निवड बंद दाराआड होते. न्यायवृंदाच्या जागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला, तेव्हा बहुमतात असलेल्या न्या. कुरियन जोसेफ यांनीही न्यायवृंदात पारदर्शकता नसल्याचे मान्य केले होते. २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले, तरी एखादे नाव का घेतले आणि दुसरे का गाळले, हे त्यातून बहुधा कळत नाही. उलट बाजूने सरकार फाइल महिनोन्‌महिने दाबून ठेवते, त्याचाही जाब कुणाला द्यावा लागत नाही. निवडीची कारणे न्यायवृंदाने लेखी द्यावीत आणि सरकारने ठरलेल्या मुदतीत, कारणांसह उत्तर द्यावे, असा कायदा मतदाराने आपल्या खासदाराकडे मागावा. त्यासाठी निकाल कुणाच्या बाजूने लागले हे मोजण्याची गरज नाही.