हिरव्याला किती गुण?

नळाला पाणी किती वाजता येते हे पुणेकराला तोंडपाठ असते. ते येते कोठून, असे विचारले की ‘खडकवासल्याहून’ म्हणून तो मोकळा होतो! पण खडकवासला हा नुसता रांजण. तो भरतात मुठा, आंबी आणि मोसी या सह्याद्रीच्या तीन लेकी. टेमघर, पानशेत आणि वरसगाव ही धरणे त्यांच्यावरचीच. ज्या ज्या उतारावरचा थेंब अखेर या रांजणात येतो, तो सारा मुलूख म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र. त्याची प्रकृती बिघडली, की रांजणात गाळ आलाच.

आता ही नाडीपरीक्षा आकाशातून होते. २००० सालच्या फेब्रुवारीत एका अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीचा चढउतार मोजला. त्या आकड्यांवरून संगणक पाणलोटाची हद्द आखून देतो. मग उपग्रहाची चित्रे त्या हद्दीत बसवायची. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला बारीकातला बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरांचा चौकोन. हिरवे पान तांबडा प्रकाश पिऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या तफावतीवरून प्रत्येक चौकोनाला उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान गुण मिळतात. दाट रानाला भरपूर, उघड्या मुरुमाला शून्याच्या आसपास.

गुण म्हटले की आम्हा मास्तरांचे कान टवकारतात. शहराच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेवर सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पसरते, तेव्हा ती या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते! नदी गुदमरते आहे आणि गुणपत्रिकेत मात्र हिरवेगार रान. बंगल्यापुढची पाणी पाजून वाढवलेली हिरवळही तशीच गुण मिळवून जाते. म्हणून जाणकार नकाशा हाती घेऊन डोंगर तुडवतात आणि ठिपक्याठिपक्याची उलटतपासणी करतात. या पायपिटीवाचून काढलेला निकाल मी तरी मानणार नाही.

आणखी एक पंचाईत. माती वाहून जाते ती पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच कॅमेऱ्याला ढगांखेरीज काही दिसत नाही. रडारला ढगांची अडचण नाही, पण पानाचा रंग त्याला कळत नाही. म्हणून पाऊस सरल्यावरच्या, म्हणजे याच दिवसांतल्या, स्वच्छ चित्रांना मोल. लँडसॅट मालेचा पहिला उपग्रह १९७२ साली उडाला. त्या मालेची चित्रे २००८ पासून फुकट मिळतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक दिवाळ्यांची चित्रे ओळीने मांडली, तर कोणत्या साली कोणत्या उतारावर रस्ता चढला आणि त्याच्या कडेने तांबडी माती कशी उघडी पडत गेली, हे घरबसल्या दिसते. त्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत.