पन्ह्याचा पेला कुणाकुणाला?

चैत्र लागला की आमच्या हिंगोलीत दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात. पारा चाळिशीकडे धावू लागतो आणि घराघरांत माणसं जमू लागतात. लग्नं, साखरपुडे, बारशी, वास्तुशांती. ज्या घरी चैत्रगौर बसते, तिथं चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत सोयीच्या कुठल्याही दिवशी हळदीकुंकू. कयाधू कोरडी पडलेली, विहिरी तळाला गेलेल्या, अंगाची नुसती काहिली. अशा दिवसांत दारात आलेल्या पाहुणीच्या हातात आधी काय द्यायचं? प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आणि त्यात दुसराही एक प्रश्न दडलेला आहे. ते कुणाकुणाच्या हातात द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या आज्यांनी केव्हाच देऊन ठेवलंय. कैरीचं पन्हं! सोबत वाटली डाळ आणि ओटीत भिजवलेले हरभरे. यात नुसतं शास्त्र नव्हतं, व्यवहार होता. बांधावरच्या गावरान आंब्याला याच दिवसांत कैऱ्या लागतात. वाऱ्या-वावटळीत पडलेल्या कैऱ्या टोपलीनं घरी येतात. गूळ, मीठ, वेलची घरातच असते. म्हणजे गरीब घरातली बाईसुद्धा मान खाली न घालता पाहुणचार करू शकायची.

आता काय होतं? पाहुणे यायच्या आधी पोराला दुकानात पिटाळायचं आणि दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणायच्या. लग्नात तर केशरी पावडर बादलीत ढवळली, वर बर्फाची लादी फोडून टाकली की झालं सरबत. ‘कोण करत बसतं एवढं?’ असं मैत्रिणी म्हणतात. त्यांचंही खरंच आहे. घरचं, शेताचं, नोकरीचं बघून पन्नास बायकांचं पन्हं एकटीनं करायचं म्हणजे जिवावर येतं. पण मैत्रिणींनो, हिशेब मांडला तर ते तेवढं अवघड नाही.

पन्नास जणींसाठी सव्वा किलो कडक, आंबट कैऱ्या पुरतात. स्वच्छ धुऊन, देठाकडचा चीक काढून, कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्यायच्या. चूल असेल तर निखाऱ्यावर भाजा, तो खमंग वास वेगळाच. गार झाल्यावर साल-कोय काढली की अंदाजे पाऊण किलो गर निघतो. त्यात पाऊण ते एक किलो चिरलेला गूळ, तीन-चार चहाचे चमचे मीठ, दहा-बारा वेलदोड्यांची पूड आणि भाजलेल्या जिऱ्याची थोडी पूड घालून मिक्सरमधून फिरवून घ्यायचं. गूळ कचऱ्याचा असेल तर तो आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. हा गोळा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला की निम्मं काम उरकलं. दुसऱ्या दिवशी फक्त सहा लिटर पाणी घालून ढवळायचं. लहान पेल्याच्या मापानं पन्नास पेले भरतात. एक मात्र सांभाळा. भांडं स्टीलचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं.

आता मुख्य गोष्ट पाण्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात कधी टँकरचं पाणी, कधी बोअरचं, कधी जारचं. जारमधलं पाणी गार असतं म्हणून ते शुद्ध असतंच असं नाही, बरं का! पन्ह्याचं पाणी आदल्या दिवशी खळखळून उकळावं आणि झाकून माठात गार करावं. कैरी कितीही चांगली असली तरी पाणी वाईट असेल तर हळदीकुंकवाला आलेली बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसायची.

बर्फाचंही तेच. मासळी, दूध, औषधं गार ठेवायला जो बर्फ बनतो, तो पोटात जाण्यासाठी नसतो. म्हणूनच २०१८ साली आपल्या राज्यात नियम झाला, की खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळायचा. तेव्हा लादीला निळी झाक दिसली तर ती परत पाठवा. आणि पांढऱ्या लादीवरही डोळे झाकून विश्वास टाकू नका. त्यापेक्षा घमेल्यात बर्फ ठेवून त्यात पन्ह्याचं पातेलं बसवा. पन्हं गार होतं आणि बर्फ पेल्यात जात नाही. इतकी साधी युक्ती आहे.

गोडाबद्दलही खरं तेच बोलू या. बाजारच्या कोलाच्या तीनशे मिलीच्या बाटलीत साधारण आठ चमचे साखर असते. पण गराच्या दुप्पट गूळ घातलेलं घरचं पन्हंही त्याच वाटेनं जातं. गूळ आहे म्हणून साखरेच्या आजाराला चालतो, हा समज काढून टाका. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. म्हणूनच मी गराएवढाच गूळ सांगितला. थोडं आंबट राहू द्या, तहान त्यानंच भागते. आणि मधुमेह असलेल्या काकू-मावशींसाठी ताक वेगळं काढून ठेवा.

शिवाय पन्हं हे औषध नव्हे. मीठ, गोड आणि पाणी एकत्र पोटात गेलं की शरीर पाणी चांगलं शोषून घेतं, हे तत्त्व मोठं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. घरच्या घरी त्याचं माप म्हणजे एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब-उलट्यांत ते किंवा दवाखान्यातली पुडी द्यावी, पन्हं नव्हे. आणि उन्हात कुणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

इथवर पेल्यात काय, ते झालं. आता पेला कुणाला, त्याकडे येते.

बचत गटाच्या कामानं मी बऱ्याच घरांत जाते. अशाच एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. स्वयंपाकघरात चाळिशीची एक बाई सकाळपासून राबत होती. कैऱ्या तिनं उकडल्या, गर तिनं काढला, डाळ तिनं वाटली. पन्ह्याची चव तर अशी, की दोन पेले घेतल्याशिवाय कुणी उठेना. बाहेर गौरीपुढं बायका जमल्या आणि ही आतच थांबली. मी हाक मारली तर हळूच म्हणाली, ‘‘ताई, मला नका बोलावू. मालक गेले ना माझे तीन वर्षांमागं.’’ जिच्या हातचं पन्हं गौरीला चाललं, तिला गौरीपुढं बसणं चाललं नाही. मी आत जाऊन तिच्याशेजारी बसले. आमचे दोघींचे पेले तिथंच संपले, पण घशात काहीतरी अडकलं ते अडकलंच.

आपला जिल्हा हळदीचा. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. ही हळद रानातून काढते कोण? शिजवलेली हळद उन्हात पसरते कोण? पिवळ्या हातांच्या त्या बायकांत नवरा गेलेल्या कितीतरी जणी असतात. अगदी कोवळ्या वयातल्या, लेकरं पदरात असलेल्या. हळद काढायला ती चालते, मग बोटभर हळद लावून घ्यायला का चालत नाही? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं यापुढं नको, असं एका लहानशा गावानं ठरवलं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. चांगलंच झालं. पण ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात राहतो आणि प्रथा आपल्या माजघरात राहते. तिथून तिला बाहेर काढायचं काम आपलंच आहे.

काही जणी म्हणतील, सासूबाईंना नाही आवडणार. काही म्हणतील, ती बाईच यायला तयार होत नाही. मान्य! इतक्या वर्षांची भीती एका बोलावण्यानं जात नाही. म्हणून मी म्हणते, सुरुवात पन्ह्यानं करा. कुंकवाला अट घातली असेल कुणी, पन्ह्याला कुठली अट आहे? तहान सवाष्णीला लागते आणि विधवेला लागत नाही, असं तर नाही ना! ‘हळदीकुंकवाला या’ म्हणण्याऐवजी ‘पन्ह्याला या’ म्हणा. शेजारची, भाडेकरूंची, कामाला येणारी, एकटी राहणारी, सगळ्यांना एकच निरोप द्या. सगळ्यांना बसायला एकच सतरंजी, सगळ्यांना सारखेच पेले. ज्या बाईनं पन्हं केलं तिला पहिला पेला. पुढच्या वर्षी हळदीचं बोट आपोआप पुढं होईल आणि कपाळही मागं सरणार नाही.

लग्नघरच्या बायकांनाही एक सांगणं. मांडवात दोनशे बाटल्या आणण्याऐवजी जवळच्या बचत गटाकडून पन्ह्याचा गर करून घ्या. गटातल्या चार बायकांना त्यातून काम मिळेल. आणि तो पेला मांडवाबाहेर वाजवणाऱ्या बँडवाल्यापर्यंत, गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत, उष्टी-खरकटी काढणाऱ्या मावशीपर्यंत पोचतो का, तेवढं घरधनिणीनं स्वतः उठून पाहावं. ऊन त्यांनाच सगळ्यात जास्त लागतं.

कैऱ्यांचे दिवस थोडे असतात. आंबा पिकायला लागला की पन्ह्याची आठवण कुणाला राहत नाही. तेव्हा या चैत्रात एकदा तरी मोठं पातेलं चढवा, पाणी उकळून घ्या, गूळ हात राखून घाला. आणि पेले मांडताना दोन-चार जास्तच मांडा.