अंगठा गरिबाचा, जोखीमही गरिबाचीच!

सावकाराने कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याविरुद्ध आपल्या चळवळीने किती वर्षे खर्ची घातली, हे जुन्या साथींना सांगायला नको. तो अंगठा आता मोबाइलच्या काचेवर उमटतो, एवढाच काय तो फरक!

सालेकसा-देवरीच्या शेतकऱ्याचे धानाचे चुकारे आज थेट बँक खात्यात जमा होतात. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर 'रोकड सोडा' हा उपदेश तर सरकारनेच घरोघरी पोहोचवला. तेव्हा ऑनलाइन पेमेंटचा मार्ग या माणसाने हौसेने पत्करला, असे म्हणणे म्हणजे शुद्ध ढोंग होय. परवा अशाच एका कंपनीचा करार मी चष्मा सरसावून अथपासून इतिपर्यंत वाचला. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझी त्यात अख्खी दुपार गेली. आणि तो इंग्रजीत! सेवा 'आहे तशी' दिली आहे. खोळंबा वा चुकीमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. पिन टाकून झालेला प्रत्येक व्यवहार ग्राहकानेच केला असे समजण्यात येईल. अटी कंपनी केव्हाही बदलील, आणि सेवा वापरत राहिलात म्हणजे नव्या अटी तुम्हाला मान्य! याला करार म्हणतात.

धनादेशावरील सही बनावट असेल तर ते पैसे ग्राहकाच्या खात्यातून वळते करता येत नाहीत, आणि त्याने हिशेब वेळच्या वेळी तपासला नाही ही सबबही बँकेला चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात 1987 सालीच दिला. कागदावर जी जोखीम बँकेची होती, ती काचेवर येताच ग्राहकाची कशी झाली?

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात काही आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर 3 कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार नाही. 4 ते 7 दिवसांत दिल्यास साध्या मूलभूत बचत खात्याला 5,000 रुपयांची मर्यादा. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. परंतु खरी मेख 'निष्काळजीपणा' या शब्दात आहे. भामट्याच्या बतावणीला भुलून ज्याने पिन टाकला वा सांगितला, त्याच्यावर हाच शिक्का मारला जातो, आणि खबर देईपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या माथी! लाखोंचे खाते भामट्यांना उघडू देणारी बँक मात्र निष्काळजी ठरत नाही. भांडवलशाही ब्रिटनमध्येही 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीची भरपाई, 85,000 पौंडांपर्यंत, पैसे पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मी-निम्मी सोसायची आहे. जोखीम टाळण्याची ताकद ज्याच्या हाती, त्यानेच ती उचलावी, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र तिथे पटले. इथे का पटू नये? सेवा फुकट आहे ना, असे कोणी म्हणेल. यूपीआयसाठी सरकारी तिजोरीतून प्रोत्साहनाच्या रकमा दिल्या गेल्या आहेत. ती तिजोरी कोणाची?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करारा'ची व्याख्या केली खरी. पण सेवेतील त्रुटीची तक्रार गोंदियाच्या जिल्हा आयोगापुढे चालते, करारच अन्याय्य आहे असे म्हणायचे तर ती तक्रार राज्य आयोगापुढे! म्हणजे धान इथे पिकणार, फसवणूक इथे होणार आणि अन्यायाची दाद नागपूरच्या खंडपीठात मागायची. हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळालाच पाहिजे. करार मराठीत असलाच पाहिजे. आणि फसवून घेतलेल्या पिनला संमती मानणारे कलम रद्दबातल ठरले पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी धान खरेदी केंद्रांवर बसावे. फसवला गेलेला प्रत्येक माणूस 1930 या क्रमांकावर तातडीने खबर देईल आणि बँकेकडून तारीख-वेळेसह लेखी पोच घेईल, हे पाहावे. तीन दिवसांची मोजणी सुरू झाली की शाखेतला माणूस 'उद्या या' म्हणतो, आणि तो उद्या शनिवार-रविवार ओलांडून जातो.