कॉफी कोडगूची, पेला कोठला?

इंदूरच्या नव्या वस्त्यांतील काचेच्या इमारतींत अलीकडे कॉफीची जी दिमाखदार दुकाने थाटली गेली आहेत, त्यांत कॉफीच्या यंत्राइतक्याच ठळक जागी एक फळी असते. तीवर चिनी मातीचे मग, झाकणाचे पेले, धातूच्या बाटल्या, कापडी पिशव्या, क्वचित एखादे गुबगुबीत अस्वल, अशी दुकानाची मुद्रा मिरविणारी चीजवस्तू रचून ठेवलेली असते. तरुण गिऱ्हाइके ती हाती घेतात, मुद्रा न्याहाळतात, किंमत पाहतात. आता त्यांच्यातील काही जण पेला उलटा करून त्याचा तळही पाहू लागले आहेत आणि ‘हा आपल्या देशात झालेला आहे काय?’ असा सवाल गल्ल्यावरील मुलाला करू लागले आहेत. बिचाऱ्या मुलाजवळ उत्तर नसते. पण हा सवाल आम्हांस फार मोलाचा वाटतो. गेल्या काही काळात स्वदेशीच्या नावाने जो कोलाहल झाला, त्यात नेमका हाच एक शहाणपणाचा सूर होता.

हा कोलाहल उठला १९२५ साली नव्हे, २०२५ साली! त्या वर्षी २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली आणि आपल्याकडे एकाएकी स्वदेशीची आठवण जागी झाली. पंतप्रधानांनी स्वदेशी वापरण्याचे आवाहन केले; दुकानदारांनी ‘येथे स्वदेशी माल मिळतो’ अशा पाट्या लावाव्यात असेही सुचविले. अमेरिकन नावाची पेये, अमेरिकन नावाची खाद्यगृहे, अमेरिकन नावाची कॉफी यांवर बहिष्कार घाला, अशा हाका निघाल्या. पाट्या रंगविणाऱ्यांचा धंदा बरा झाला असावा. परंतु पाटी लावण्यास दमडीची तोशीस पडत नाही आणि ती उतरविण्यास तर त्याहूनही पडत नाही. पाटीवरील एका शब्दाने आतल्या शंभर वस्तूंचे कूळ कसे कळावे?

ज्या कॉफीवाल्यांचे नाव या हाकांत वरचेवर घेतले गेले, त्या स्टारबक्सचेच उदाहरण घ्या. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत त्यांचे भारतातील पहिले दुकान उघडले. आता इंदुरातही त्यांची कॉफी मिळते. भारतातील हा व्यवहार टाटा आणि अमेरिकन कंपनी यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीचा आहे. त्यातील कॉफी टाटांच्या कोडगूकडील मळ्यांतून आलेली आणि तिकडेच कुशालनगरला भाजलेली. पेय देणारा मुलगा येथलाच. आता हे दुकान स्वदेशी म्हणावे की परदेशी? बहिष्कार घातला तर त्याची झळ कोडगूच्या मळ्यातील मजुराला आणि पहिल्या नोकरीला लागलेल्या त्या मुलाला आधी लागेल. मुकाट्याने सारे स्वीकारले तर परकी मुद्रा असलेली प्रत्येक वस्तू डोळे मिटून घेण्याची सवय जडेल. सबंध दुकानाला हा प्रश्न लावू गेल्यास उत्तर मिळत नाही. एकेका वस्तूला लावला तर ते तत्काळ मिळते. म्हणूनच पेल्याचा तळ पाहणारा तरुण आम्हांला घोषणा देणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला दिसतो.

आणि हा प्रश्न केवळ आपल्यालाच पडतो असेही नाही. ज्या देशातून ही दुकाने आली, तेथील ग्राहकही ‘आमच्याच देशातील कंपनीचा मग आमच्या देशात का घडत नाही?’ असे तिला विचारीत होते. तो काळ तेथे बेकारीचा होता. २०११ च्या नोव्हेंबरात या कंपनीने रोजगारासाठी देणग्या गोळा करण्याचा एक उपक्रम काढला आणि २०१२ साली ओहायो राज्यातील ईस्ट लिव्हरपूल या गावी घडविलेले मग विकावयास ठेवले. हे ईस्ट लिव्हरपूल म्हणजे एके काळचे अमेरिकेतील कुंभारकामाचे माहेरघर. परदेशी स्वस्त मालापुढे तेथील भट्ट्या एकामागून एक विझल्या होत्या. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या नागरिकाला आपल्या कुंभाराची आठवण ठेवण्यात जुनाटपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र असे विचारणाऱ्याला ‘कोणत्या जमान्यात वावरता?’ असे हिणविणारे शहाणे भेटतातच.

त्या जमान्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती नीटच सांगावी. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताच्या शुभ्र वेषात जाऊन बसले, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. १९०५ साली पुण्यात पेटलेली परदेशी कापडाची होळीही आपल्या स्मरणात असते. परंतु होळीनंतर काय, हा प्रश्न ज्यांनी स्वतःला विचारला त्यांची नावे आपण विसरलो. अंताजी दामोदर काळे यांनी ‘माणशी वर्षाला एक पैसा’ एवढीच मागणी घेऊन पैसा फंड उभारला. लोकमान्यांनी त्याला आपले बळ दिले आणि त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तेथे काच तर झालीच, पण काच करणारी माणसेही झाली. तळेगावला हात बसलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्रातील किती घरांत रात्री उजेड दिला, याची मोजदाद कोण करील!

हा कंदील लोकांनी दयेपोटी घेतला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो घेतला, कारण तो नीट जळे आणि त्याची काच टिके. स्वदेशीची मागणी ग्राहकाने केली, तिचे कर्ज कारागिराने मालाच्या गुणाने फेडले. जेथे ही फेड झाली नाही तेथे पहिला उमाळा ओसरताच गिऱ्हाईक परतले. आणि जेथे मागणी तर आहे पण तळ पाहण्याची सवय नाही, तेथे लबाडी शिरली. महात्माजींच्या खादीला बाजार मिळताच जपानी गिरण्यांची नकली खादी हिंदुस्थानात येऊन विकली गेली, हा अनुभव काही फार जुना नाही.

इंदूरचा आणि या उद्योगांचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९३५ साली महाराष्ट्र साहित्य संमेलन इंदुरास भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. हे तेच बाळासाहेब, ज्यांच्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. चित्रकलेचा, कीर्तनाचा आणि सूर्यनमस्काराचा हा भोक्ता राजा नांगराच्या कारखान्यालाही माळरान देऊ शकत होता. साहित्य आणि उद्योग यांच्यामध्ये त्याच्या मनात भिंत नव्हती. त्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविण्यास महात्माजीही इंदुरातच आले होते. एका वर्षात या नगरीने दोन भाषांची संमेलने पाहिली आणि दोन्हींचे अध्यक्ष स्वदेशीचे कर्ते पुरस्कर्ते होते!

पण इंदुराने स्वदेशीचे दुसरे रूपही पाहिले आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गेल्याच्या आदल्या शतकात होळकरांच्या संस्थानाने येथे स्वतःची गिरणी काढली. पुढे माळवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत एक चक्क ‘स्वदेशी’ नावाचीही होती. या गिरण्यांच्या भोंग्यांवर अर्धे शहर उठत असे. आज त्यांपैकी एकीचाही भोंगा वाजत नाही. परदेशी मालाने त्या मारल्या, असे म्हणणे सोयीचे असले तरी सत्य नव्हे. यंत्रे जुनी झाली ती बदलली गेली नाहीत. मालकांचा जीव कापडातून उठून जमिनीच्या भावात गुंतला. यंत्रमागांनी बाजार काबीज केला. सरकारे आली आणि गेली. ‘स्वदेशी’ हे नाव दरवाज्यावर कोरलेले होते, त्याने मागावरचा एक धागाही वाचला नाही. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्याचा, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला. बत्तीस वर्षे! त्या अवधीत कित्येक कामगार जग सोडून गेले आणि त्यांच्या विधवांनी न्यायालयाच्या तारखा मोजल्या. तरीही अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद गिरण्यांच्या नावाने झाँक्या निघतातच. वर्गण्या गोळा करून, उसने-पासने करून, जुने कामगार आणि त्यांची मुले त्या सजवितात. ज्या शहराने हे पाहिले, त्याला ‘वस्तू कोठे झाली’ या प्रश्नामागे माणसे असतात हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता फळीकडे परत येऊ. इंदूरच्या कॉफीच्या दुकानात येथला माल ठेवावा म्हटले तर तो आहे कोठे? आहे, आणि फार दूरही नाही. नर्मदेकाठच्या महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून विणकरांची वसाहत आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात तो माग मरणपंथाला लागला असता होळकर घराण्यातील दांपत्याने ‘रेवा’ संस्था काढून तेथील बायकांच्या हाती धोटा दिला. त्या कापडाची पिशवी होऊ शकत नाही काय? धार जिल्ह्यातील बाग गावचे ठसे तर कोठल्याही परकी मुद्रेपेक्षा देखणे. आणि ते मऊ अस्वल! इंदूरची चामड्याची खेळणी भौगोलिक मानांकन मिळविलेली आहेत. या शहरातील कारागीर घोडे, हत्ती, गेंडे करतात, त्यांना अस्वल जड जाणार आहे थोडेच? चिनी मातीच्या कामाला उत्तर प्रदेशातील खुर्जा आहे, गुजरातेत थानगढ आहे. तांब्याचा पेला हवा असेल तर पुण्याच्या तांबट आळीचे ठोके अद्याप पुरते थांबलेले नाहीत.

दुकानदार यावर दोन आक्षेप घेतील. एकसारखा माल हजारांच्या संख्येने मिळत नाही, हा पहिला. महाग पडतो, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे. हाताने केलेले दोन पेले तंतोतंत जुळत नाहीत आणि रंगात शिसे नाही, उकळत्या कॉफीने तडा जाणार नाही, याची खात्री कारागिराने दिलीच पाहिजे. तेथे सवलत मागणे म्हणजे स्वतःहून बाजार गमावणे. पण खात्रीची तपासणी होण्यासाठी आधी मागणी पक्की हवी. एका सणापुरता माल उचलून पुढच्या सणाला पाठ फिरविणाऱ्या व्यापाऱ्यासाठी कोणता कुंभार नवी भट्टी घालील? दुसऱ्या आक्षेपाला मात्र आम्ही हसतो. ज्या दुकानात एक पेला कॉफीला मजुराचा निम्मा रोज मोजला जातो, त्याने महागाईचे कारण सांगू नये.

याच दुकानांनी विख्यात वस्त्रकल्पकांना हाताशी धरून पेल्यांचे विशेष संच काढलेले आहेत. २०२१ साली सब्यसाची यांच्या नावाचा निघाला, २०२४ साली मनीष मल्होत्रा यांच्या नावाचा. आम्हांस त्यांच्या कलेविषयी आदरच आहे. पण कल्पकाचे नाव पेल्यावर येऊ शकते, तर ज्या गावी तो घडला आणि ज्या भट्टीत तो भाजला तिचे नाव येण्यास अडचण कोणती? गिऱ्हाईक मोठ्या नावाला दाम मोजतेच. त्याच फळीवर बाग किंवा खुर्जा हे नाव लावून पाहावे.

कायदाही ग्राहकाच्या बाजूला काही प्रमाणात आहे. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे बाहेरून आणलेल्या बंद वेष्टनातील मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मूळ देश छापावाच लागतो. २०२० च्या नियमांनी घरबसल्या मागविलेल्या मालाच्या विक्रेत्यांनाही मूळ देश जाहीर करावयास लावले. म्हणजे तळ पाहिला तर उत्तर लिहिलेले असते. ते वाचून पेला मुकाट्याने परत ठेवणे पुरेसे नाही. मुकाटपणा दुकानदाराला ‘खप कमी झाला’ एवढेच सांगतो, कारण सांगत नाही. इंदूरच्या ग्राहकांनी व्यवस्थापकाच्या हाती चिठ्ठी द्यावी: महेश्वरची पिशवी, इंदूरचे खेळणे आणि देशात भाजलेला पेला या दुकानात वर्षभर मिळावा, त्यावर गावाचे नाव असावे, आणि तो कधी येणार हे कळवावे. चिठ्ठी मराठीत लिहावी की हिंदीत, हा पेच इंदूरकरांना कधीच पडला नाही. दोन्हींत लिहावी, आणि खाली सही करून आपला पत्ता द्यावा.