प्राणवायूची पेटी आणि पन्नाशीतली साखर

खाणे तेवढेच, घरातली कामेही तेवढीच. तरी पाळी थांबल्यावर ब्लाऊज घट्ट होऊ लागतो आणि रक्ततपासणीत साखर ‘बॉर्डरवर’ येते. मग भिशीत कोणीतरी सांगते, अमुक केंद्रात ऑक्सिजनच्या पेटीत तासभर झोपवतात, त्याने साखर उतरते, वयही उतरते. दहा-वीस सिटिंगचे पॅकेज. ऑक्सिजनच तर आहे, त्याने अपाय कसला होणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणूनच या पेटीबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

साखर का वाढते, हे आधी पाहू. इस्ट्रोजेन असते तोवर स्त्रीच्या शरीरातली चरबी प्रामुख्याने मांड्या-नितंबांवर साठते. ते ओसरले की ती पोटात, यकृताच्या आसपास जमू लागते. ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते, त्यामुळे काही वर्षे उपाशीपोटीची साखर नॉर्मल दिसते. ही वर्षे महत्त्वाची असतात आणि नेमकी तीच हातची जातात.

आता पेटी. हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणजे वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घेणे. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले, त्यावर निरोगी माणसाचा आकडा ९७-९८ दिसतो. म्हणजे हिमोग्लोबिन जवळपास भरलेलेच असते. पेटीत जो फरक पडतो तो रक्तद्रवात विरघळणाऱ्या ऑक्सिजनचा. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जातो. पाणबुड्यांना होणारा दाबविकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहींच्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा यांवर हा खरा, मान्यताप्राप्त उपचार आहे. वेलनेस केंद्रांतल्या मऊ, फुगवायच्या पेट्यांत मात्र दाब १.३ पटीच्या आसपासच असतो. नाव एकच, वस्तू वेगळी.

आणि इन्सुलिनचे काय? या दाव्यामागे काहीच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मूठभर रुग्णांवर आणि २०१५ मध्ये वजन जास्त असलेल्या लोकांवर केलेल्या अभ्यासांत पेटीतल्या उपचारानंतर इन्सुलिनची परिणामकारकता वाढलेली दिसली. पण २०१५ च्या अभ्यासातले सगळे पुरुष होते. संख्या विसाच्या आत. हा फायदा महिनोन् महिने टिकतो, असेही त्यातून सिद्ध होत नाही. ज्या बाईला पॅकेज विकले जाते, तिच्यासारखी बाई त्या अभ्यासात नव्हतीच.

याहून मजेशीर गोष्ट चरबीतल्या ऑक्सिजनची. फुगलेल्या मेदपेशींना ऑक्सिजन कमी पडतो, त्यातून दाह आणि दाहातून इन्सुलिनला विरोध, अशी एक मांडणी बरीच वर्षे चालत आली आहे. पेटीचा तर्क त्यावरच उभा आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या गटाने मात्र २०११ मध्ये स्थूल पुरुषांच्या चरबीतला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला, तर तो सडपातळांपेक्षा जास्त निघाला! ऑक्सिजन वाढवावा की कमी करावा, यावरच शास्त्रज्ञांचे एकमत नसताना जाहिरातीला मात्र शंका नाही.

धोकेही लहान नाहीत. कानाच्या पडद्यावर ताण, तात्पुरता दृष्टिदोष, क्वचित झटका; गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. शिवाय आग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अशाच एका पेटीत आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला.

उलट ज्याला पुरावा आहे, त्याचे पॅकेज निघत नाही. भारतात ५३१ जणांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत आहार व चालण्याच्या सल्ल्याने तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. त्या चाचणीतल्या लोकांचे सरासरी वय ४६ च्या जवळपास होते, म्हणजे आपल्याकडे पाळी जाण्याचेच वय. जेवणानंतरचे चालणे आणि स्नायूंवर ताण देणारा व्यायाम यांना पर्याय म्हणून पेटीकडे पाहणे म्हणजे हातातली ती मोलाची वर्षे पेटीत घालवणे.

पण सगळा दोष पेटीवाल्यांचा नाही. तिशीपुढच्या सर्वांसाठी सरकारी तपासणीत आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर विचारला जातो. बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा त्यात आहे. रजोनिवृत्तीचा उल्लेख मात्र येतो तो त्यानंतरच्या रक्तस्रावापुरता. पाळी कधी थांबली, हे विचारून त्याच वर्षी एचबीए१सी करून घेण्याची सोय त्या फॉर्ममध्ये नाही. खासगी दवाखान्यांतही ‘या वयात असं होतंच’ म्हणून बाईला घरी पाठवले जाते, आणि मग भिशीतला सल्ला तेवढा उरतो. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला फार खर्च येत नाही. आरोग्य विभागाने तो वाढवावा.