आंबोलीचा बेडूक आणि आपला हिशेब

आषाढ लागला की कोल्हापुरातून आजऱ्यामार्गे आंबोलीकडे मोटारींची रीघ लागते. धबधब्याखाली मनसोक्त भिजून, चहा-भजी आटोपून मंडळी परततात. रस्त्याकडेच्या ज्या झुडपांना खेटून ही वाहने उभी राहतात, तशाच झुडपांच्या आश्रयाने जेमतेम दीड इंच लांबीचा एक बेडूक त्याच दिवसांत आपली वंशवेल वाढवीत असतो, याची वार्ता मात्र फार थोड्यांना असते.

बिजू आणि बोसुइट या संशोधकांनी २००९ साली शास्त्रजगतापुढे मांडलेला हा झुडपी बेडूक. त्याच्या शास्त्रीय नावातच आंबोली आहे. पुढे कर्नाटकातही तो काही ठिकाणी आढळला. तरी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणूनच केली. अंडी, मग पाण्यात पोहणारा बेडूकमासा, मग शेपूट झडून बेडूक, हा धडा आपण सर्वांनीच शाळेत गिरविला आहे. हा प्राणी त्या धड्याला अपवाद होय. त्याची अंडी पाण्याबाहेर असतात. बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो चार पायांचा, नखाएवढा, पुरता बेडूक! त्याला डबके लागत नाही. परंतु अंड्याला कवच नसल्याने भोवतालचा ओलावा क्षणभरही तुटून चालत नाही. झुडूप छाटले, पाचोळा झाडून नेला, जमीन उघडी पडली, की अंडी वाळलीच.

बेडकाचा आणि अर्थशास्त्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. एके काळी आपला देश बेडकांचे पाय परदेशी पाठवून परकीय चलन मिळवीत असे. शेतातील किडी फुकट खाणारा प्राणी विकायचा आणि कीटकनाशके विकत घ्यायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार १९८७ मध्ये निर्यातबंदीने थांबला. त्या बेडकांना निदान बाजारभाव तरी होता. आंबोलीच्या बेडकाला तोही नाही. म्हणून तो कोणाच्याच जमाखर्चात येत नाही.

मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने हिरण्यकेशीच्या उगमाजवळील, तेथील दुर्मीळ माशाचे सुमारे दोन हेक्टर आश्रयस्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. आजरा-गडहिंग्लजच्या शेतांना पाणी देणाऱ्या नदीच्या उगमाशी हे घडले, याचा आनंदच आहे. परंतु कुंडातला मासा राखणे त्या मानाने सोपे. रानभर विखुरलेला ओलावा कोणत्या कुंपणात घालणार?

पर्यटन बंद करा, असे सांगणे हा शहरी माणसाचा उद्दामपणा ठरेल; त्यावर तेथील अनेक घरांच्या चुली पेटतात. मागणी एवढीच की, पावसाळ्यात वाहने नेमलेल्या तळावरच थांबावीत, त्या शुल्कातील वाटा गावाला मिळावा आणि रस्त्याकडेची झुडपे दसऱ्यापर्यंत छाटू नयेत. आपल्याला अर्धा मैल चालावे लागेल, हे खरे. पण पावसात भिजण्यासाठीच तर आपण तेथे जातो.