बसायचीही सोय हवी, उठायचीही

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्यासमोर तीन केसपेपर आले. पहिला पन्नाशीच्या एका लिपिकाचा. दिवसभर टेबलाशी काम, कंबर धरलेली, संध्याकाळी पावलांना सूज आणि तपासणीत नव्याने सापडलेली साखर. दुसरा कापड दुकानात काम करणाऱ्या बाईंचा. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या. पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या शिरा. तिसरा एका पतसंस्थेतल्या तरुण मुलीचा. वर्षात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ. "पाणी किती पितेस?" असे विचारले, तर म्हणाली, "डॉक्टर, ऑफिसात पाणी पीतच नाही. प्यायलं तर जायचं कुठं?"

तिघांनाही मी गोळ्या लिहून दिल्या. पण त्यांना खरे हवे होते ते निराळेच. पहिल्याला उठायची सोय हवी होती, दुसरीला बसायची आणि तिसरीला स्वच्छतागृहाची. ही औषधे मेडिकलमध्ये मिळत नाहीत. ती कामाच्या जागी असतात, नाहीतर कुठेच नसतात.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये हल्ली 'लवचीक कार्यालय' हा शब्द जोरात आहे. काचेच्या भिंती, रंगीत सोफे, वर-खाली होणारी टेबले असे काहीसे चित्र डोळ्यांसमोर येते आणि सातारा-सांगलीच्या माणसाला वाटते, हे काही आपले नव्हे. आपल्याकडे कार्यालय म्हणजे तहसील, पंचायत समिती, बँक, पतसंस्था, साखर कारखान्याचे ऑफिस, नाहीतर मार्केट यार्डातली पेढी. पण डॉक्टर म्हणून मला वाटते, लवचीकपणाची खरी गरज इथेच आहे. त्याचा माझ्या लेखी अर्थ साधा आहे. काम करणाऱ्याला दिवसभरात आपली बैठक आणि जागा बदलता आली पाहिजे, आणि शरीराच्या साध्या गरजांसाठी संकोच करावा लागू नये. फर्निचर त्यानंतर.

शरीराला बदल का लागतो, ते आधी पाहू. आपल्या मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होत राहिला की त्यांना पोषण मिळते. तासन् तास एकाच बैठकीत राहिलो की हे अडते. पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलणाऱ्या पंपासारखे असतात. पण पाय हलले तरच पंप चालतो. म्हणून नुसते बसणाऱ्याच्या पायाला सूज येते आणि नुसते उभे राहणाऱ्याच्याही. जेवणानंतर दर थोड्या वेळाने दोन-तीन मिनिटे चालले तर रक्तातली साखर कमी चढते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

ही गोष्ट नवी नाही. १९५३ साली लंडनमधल्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढ-उतार करणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी निघाले. सातारा-स्वारगेट विनावाहक गाडीत बसलो की मला हा अभ्यास हमखास आठवतो. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण आले. रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे बऱ्यापैकी दमवणारी हालचाल करणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ दिसेनासा झाला. पण घर, मुले आणि नोकरी सांभाळून रोज सव्वा तास व्यायाम करणारे आपल्यात किती? उरलेल्यांसाठी कामाचे आठ तास थोडे तरी हलते ठेवणे हाच मार्ग आहे.

मग उभ्याने काम करायची टेबले आणावीत का? यावर २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसले की वर-खाली होणाऱ्या टेबलांमुळे बसण्याचा वेळ सुरुवातीला रोज सुमारे १०० मिनिटांनी घटतो, पण पुरावा कच्चा आहे. शिवाय दिवसभर उभे राहणे हा काही इलाज नाही. माझ्या दुसऱ्या रुग्णाला विचारा.

लवचीक जागेचा एक जुना नमुना सांगलीच्या हळद बाजारात पाहायला मिळायचा. पेढीवरचे दिवाणजी गादीवर बसत, पुढे उतरते लाकडी डेस्क. कधी मांडी, कधी एक गुडघा वर, कधी लोडाला टेकून. सौदे सुरू झाले की उठून बाहेर. दिवसभरात किती वेळा बैठक बदलली, याची मोजदाद नाही. गुडघेदुखीच्या माणसाला ही गादी मी सुचवणार नाही, आणि त्याच पेढीबाहेर पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या कण्याचा विचार तिथे कुणी केला नव्हता, हेही विसरणार नाही. पण बैठक बदलण्याची मुभा त्या जागेतच होती. तिच्या जागी आपण पाऊण मीटर उंचीचे टेबल आणि एकाच मापाची खुर्ची आणली. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर. त्या खुर्चीवर अनेकींचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. कागदाच्या दोन रिमा पायाखाली घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

कामाच्या जागेचा माणसाच्या बाजूने विचार करण्याची परंपरा याच मातीत आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांना दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर यंत्रांबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली आणि किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. हेच भवानराव सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून ओळखले जातात. शरीर हलते ठेवा असे सांगणाऱ्या माणसाने कारखान्याला जमीन दिली, हा योगायोग मला फार आवडतो.

स्वतंत्र भारतातही हा विचार कायद्यात आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे अशी व्यवस्था, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, विश्रांतीची खोली, उपाहारगृह, पाळणाघर अशा तरतुदी केल्या गेल्या. पण तो कायदा कारखान्यांचा. दुकानातल्या बाईला बसण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मिळायला केरळात २०१८ साल उजाडले आणि तमिळनाडूत २०२१. साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी केरळात लढा दिला होता. गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकायला मिळावे, एवढीच मागणी!

कायद्याची दुसरी अडचण आकड्याची. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही मिळाली. चांगलेच झाले. पण आपल्या तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत बारा माणसे असतात, शाखेत सहा, दुकानात चार. त्यांच्यासाठी पन्नासाचा आकडा कधी येणारच नाही. बाळ सहा महिन्यांचे झाले की आई कामावर परतते आणि दूध काढायला आडोसा नसल्याने स्तन दाटून, ताप घेऊन माझ्याकडे येते. दाराला आतून कडी असलेली, एक खुर्ची मावेल एवढी खोली तिला पुरली असती. ती खोली बहुतेक ठिकाणी असतेही. त्यात जुन्या फाइली आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात.

नवी रचना म्हणजे आपोआप चांगली रचना, असेही नाही. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६० च्या दशकात 'अ‍ॅक्शन ऑफिस' नावाची मांडणी आणली. माणसाने उभे राहावे, बसावे, फिरावे, आपली जागा आपल्या कामाप्रमाणे बदलावी, हा तिचा हेतू होता. कंपन्यांनी तिच्यातले पडदे तेवढे उचलले आणि कमी जागेत जास्त माणसे कोंबली. त्यातून खुराड्यांसारखी ऑफिसे झाली. मग त्यावर उतारा म्हणून भिंतीच काढल्या. २०१८ साली बर्नस्टाइन आणि टर्बन या संशोधकांनी दोन कंपन्यांत मोजून पाहिले, तर मोकळ्या हॉलमध्ये गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले होते. सगळे एकमेकांना दिसू लागले तसे लोक स्वतःत मिटून गेले. आपल्याकडेही नव्या इमारतींत एकच मोठा हॉल करण्याची पद्धत येत आहे. हिशेब जुळवणाऱ्याला शांतता लागते आणि अर्जदाराशी बोलणाऱ्याला बोलावेच लागते. दोघांना एका हॉलमध्ये शेजारी बसवले तर एकाची चूक होते आणि दुसऱ्याचा आवाज चढतो.

इथे मला स्वतःकडेही बोट दाखवले पाहिजे. माझ्या ओपीडीत मला फिरती खुर्ची आहे. शेजारी उभ्या राहून दिवसाला शंभरावर रुग्णांचा रक्तदाब नोंदवणाऱ्या सिस्टरला कित्येक वर्षे स्टूलही नव्हते आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. एकदा त्यांनीच टाचदुखीसाठी केसपेपर काढला, तेव्हा आले. स्टूल गोदामातच पडले होते. आणायला दहा मिनिटे लागली. खुर्चीवर बसलेल्याला उभ्या माणसाचे पाय दिसत नाहीत. कार्यालयांच्या रचना बहुतेक वेळा खुर्चीवरचीच माणसे ठरवतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लोक आधीच म्हणतात, सरकारी माणूस जागेवर सापडत नाही. त्यात डॉक्टर सांगतात, उठा आणि फिरा! काउंटरवर रांग असताना लिपिक चक्कर मारायला गेला, तर चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या शेतकऱ्याने काय करायचे? माझे उत्तर असे की दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उभे राहण्याने रांग अडत नाही. अडते ती पाठ धरल्यावर घेतलेल्या रजेने. काउंटरवर दोघांनी आळीपाळीने बसायचे ठरवले तर खिडकीही उघडी राहते आणि पाठही. आणि हो, बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांसाठीही बाकडे हवे. जागा सगळ्यांचीच असते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा बदल्यात रोजचे कामाचे तास वाढले. लांबलेल्या दिवसात ही दोन-दोन मिनिटे अधिकच गरजेची.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्यासाठी मी खर्चाच्या क्रमाने सांगतो. पहिले, काहीच खर्च नसलेले. बसून काम करणारा उभा दिसला तर त्याला कामचुकार समजू नका, आणि उभ्याने काम करणारा टेकला तरीही नको. प्रिंटर आणि पिण्याचे पाणी प्रत्येकाच्या हाताशी नको, थोडे लांब असू द्या. एक छातीएवढ्या उंचीचे कपाट रिकामे करा. त्यावर उभ्याने टपाल वाचता येते, सह्या करता येतात. टेबल खिडकीला काटकोनात फिरवा, म्हणजे पडद्यावर उजेड चमकत नाही. दुसरे, थोडा खर्च. पायाखाली लाकडी पाट, दुकानात गिऱ्हाइकाच्या बाजूला न येणारी स्टुले, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीला आणणारा ठोकळा. तिसरे, खरा खर्च. स्त्रियांसाठी पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह, एक आडोशाची खोली, पायऱ्यांशेजारी उतार. हा उतार दिव्यांग सहकाऱ्याइतकाच गुडघे दुखणाऱ्या साहेबांच्याही कामी येतो.

दोन्ही जिल्ह्यांत शाळा, बँका, सरकारी कार्यालयांच्या नव्या इमारती होतच राहणार आहेत. नकाशावर सही करण्याआधी एकच करा. तिथे दिवसभर काम करणारा शिपाई, लिपिक आणि सफाई करणाऱ्या मावशी, या तिघांना तो दाखवा आणि विचारा, तुम्ही बसणार कुठे, उठणार कधी आणि जाणार कुठे? साहेबांची केबिन कुठे असावी, याची काळजी करू नका. ती बरोबर जागीच येते.

त्या पतसंस्थेतल्या मुलीला मी शेवटी गोळ्यांबरोबर एक चिठ्ठी दिली, तिच्या व्यवस्थापकांच्या नावे. 'यांना दिवसात दोन ते अडीच लिटर पाणी पिणे आणि दर तीन तासांनी स्वच्छतागृहात जाणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.' ती चिठ्ठी घेऊन थोडी हसली. म्हणाली, "डॉक्टर, आमच्यात आणखी चौघी आहेत. त्यांनाही देता का?"

मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या.